काडेपेटी, व्हॉल्व्ह-ट्यूब आणि शिक्षकांची मासिक बैठक



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने माझ्याकडून बहुधा एखाद्या किल्ल्याची अथवा एखाद्या थोर पुरुषाची हकीकत अपेक्षिली असावी. कारण शाळेत मी इतिहास शिकवितो. लेख इतिहासाचाच आहे. मात्र तो राजेरजवाड्यांचा नसून वर्गखोलीचा आहे, आणि तो आत्ताच लिहिण्यास एक कारण घडले आहे. आपल्या संस्थेने दोन वर्गखोल्यांत डिजिटल फलक बसविण्यासाठी निधी जमविण्याचे ठरविले आहे. आपल्यापैकी अनेकांनी वर्गणी दिली. काहींनी ती दुकानाच्या गल्ल्यातून, काहींनी आठवड्याच्या मजुरीतून काढून दिली, हे मी पावती पुस्तक घेऊन स्वतः फिरल्यामुळे पाहिले आहे. हा पैसा कष्टाचा आहे. तो कशाने सार्थकी लागेल याचा विचार करताना मला शेजारच्या मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याची हकीकत वारंवार आठवते. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मी बी. ए., बी. एड. आहे. पदवीला माझे विषय इतिहास व राज्यशास्त्र. परंतु लहान शाळेत तासांची वाटणी पदवी पाहून होत नाही, मोकळा माणूस पाहून होते. त्यामुळे सहावी-सातवीचे विज्ञान अनेक वर्षे माझ्या वाट्याला आले आहे. दहावीनंतर प्रयोगशाळेचे तोंड न पाहिलेला मी मुलांना आम्ल आणि आम्लारी यांच्या व्याख्या पाठ करून घेत असे. मुले पाठ करीत, परीक्षेत लिहीत, आणि सुट्टीत विसरत. त्यांच्याबरोबर मीही विसरत असे. ही कबुली पालकांसमोर देताना संकोच वाटतो, परंतु तिच्याशिवाय पुढील इतिहास मला का महत्त्वाचा वाटतो हे कळणार नाही.

आपण समजतो की यंत्र शाळेत आत्ता आत्ता आले. खरे पाहता खडू-फळा हेही एके काळी नवेच यंत्र होते. त्याच्याही आधी आपल्या देशात धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरावी, बोटाने अक्षर काढावे, चुकले तर हात फिरवावा, खर्च शून्य. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथे अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख करणारे अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री होते. मलबारी मुले वाळूत अक्षरे गिरवितात हे पाहून त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत आणली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी व्यवस्था केली. इंग्लंडला परतल्यावर १७९७ साली त्यांनी त्यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे तिकडील शेकडो शाळांतून ही ‘मद्रास पद्धती’ चालू झाली. वाळू तर इंग्लंडमध्येही होती. मद्रासहून गेली ती एका शाळेत जमलेली गोष्ट दुसऱ्या शाळेला कळविण्याची खटपट. एडिंबरोच्या हायस्कूलमधील जेम्स पिलन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूगोलासाठी मोठा फळा व रंगीत खडू वापरले. तेही इतर शिक्षकांच्या कानी गेले म्हणूनच आज आपल्या भिंतीवर फळा आहे. असो. आपल्याला एकोणिसशे सत्तरच्या दशकात जायचे आहे.

त्या दशकात आपल्या देशात शाळेसाठी दोन प्रयोग झाले. एक आकाशातून उतरला, दुसरा आठवड्याच्या बाजारातून निघाला.

पहिला पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरावयास मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्यात आले. महाराष्ट्र त्यात नव्हता. ज्या गावात वीज आली होती पण वर्तमानपत्र येत नव्हते, अशा गावच्या शाळेच्या ओसरीत एक संच ठेवला जाई आणि बाहेर जाळीची मोठी छत्री उभारली जाई. सकाळी दीड तास मुलांसाठी, सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. याच प्रयोगात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही देण्यात आले. जगात त्यापूर्वी एवढ्या प्रमाणावर असे काही झाले नव्हते, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी ते निभावून नेले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु उपग्रह उसना होता. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह दुसरीकडे वळविण्यात आला, आणि बहुतेक खेड्यांतील पडदे कोरे झाले. पुढे देशाचे स्वतःचे उपग्रह आले, दूरदर्शन वाढले, तो इतिहास निराळा. गावातल्या गुरुजींच्या बाजूने पाहिले तर मात्र एक वर्ष कोणीतरी दुरून बोलत होते आणि एके दिवशी बोलायचे थांबले. त्यांना उलट काही विचारायचे असते, तर त्यासाठी तेथे कोणी नव्हते.

दुसरा प्रयोग होशंगाबाद जिल्ह्याचा. नर्मदेकाठच्या या जिल्ह्याचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले; परंतु शिक्षणाच्या इतिहासात तो होशंगाबाद म्हणूनच ओळखला जातो, म्हणून मीही तेच नाव वापरतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनिल सद्गोपाल नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले. १९७१ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. तेथे जवळच रसूलिया या ठिकाणी ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ही जुनी संस्था होती. या दोन संस्थांनी मध्य प्रदेश शासनाकडे परवानगी मागितली की सरकारी माध्यमिक शाळांतील सहावी ते आठवीचे विज्ञान आम्ही प्रयोगाच्या आधारे शिकवून पाहतो. १९७२ साली सोळा शाळांसाठी परवानगी मिळाली. सोळाच. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ, आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक व विद्यार्थी, सुट्टीत रेल्वेने होशंगाबादला येऊ लागले. ज्या प्रा. यश पाल यांनी अहमदाबादेत राहून वर सांगितलेल्या उपग्रह प्रयोगाची धुरा वाहिली, त्यांचा या सोळा शाळांच्या कामालाही पाठिंबा होता. एकच माणूस दोन्हीकडे होता, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. यंत्राचा द्वेष करणाऱ्यांनी होशंगाबाद उभे केलेले नाही.

आता काम कसे चाले ते पाहू. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या करीत. प्रत्येक शाळेला प्रयोगसाहित्याची पेटी मिळे. पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात उत्तरे दिलेली नसत. हे करून पाहा, काय दिसले ते वहीत लिही, टोळीत चर्चा कर, अशी त्याची रीत होती. परीक्षाही तशीच. लेखी परीक्षेला मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसण्याची मुभा, आणि त्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षा. पुस्तक उघडे ठेवूनही ज्याने वर्षभर हाताने काही केले नाही त्याला उत्तर सापडत नसे! पालकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे: सरकारी शाळा, शेतकऱ्यांची मुले, पुस्तक उघडे, आणि तरीही घाम फुटलेला.

साहित्य साधे होते. फुलाचे भाग सोडवून पाहण्यासाठी टाचणीऐवजी बाभळीचा काटा चाले. १९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण इंजिनिअर एका वर्षाची रजा काढून येथे आले. हे आयआयटी कानपूरचे पदवीधर. कारखान्यात ट्रक बनत. गावच्या बाजारात मिळणाऱ्या किरकोळ वस्तू घेऊन ते बसत. सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर जी बारीक रबरी नळी चढवितात, ती त्यांच्या हाती लागली. तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून दोन्ही टोकांत काडेपेटीची एकेक काडी खुपसली की एक लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्या व तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्या व चार तुकडे, चौकोन. चौकोनाला बोटाने ढकला, तो कलंडून तिरपा होतो. त्रिकोणाला कितीही ढकला, तो हलत नाही. भूमितीच्या पुस्तकातील एक प्रकरण दोन रुपयांच्या वस्तूंत मुलाच्या तळहातावर येते.

मी हा प्रयोग आपल्या सातवीच्या वर्गात केला तेव्हाची गोष्ट सांगतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, त्रिकोण हातात धरून म्हणाला, “सर, ही तर कैची आहे.” मला कळेना. तो म्हणाला, “शेडच्या पत्र्याखाली असते ती कैची. आमचे अब्बा करतात. त्रिकोण नाही मारला तर पत्रा वाऱ्याने बसतो.” दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गाच्या व्हरांड्यावरील लोखंडी कैचीतले त्रिकोण मोजायला लावले. आठवडाभराने त्याचे वडील शाळेत आले. त्यांना वाटले, मुलाने काही खोडी केली म्हणून विचारणा होत आहे. मी म्हटले, “भाई, तक्रार नाही. तुम्हीच एक तास घ्या.” ते हसले, आणि म्हणाले, “सर, मी नापास माणूस.” तास त्यांनी घेतला नाही; परंतु कैचीचा एक छोटा नमुना वेल्डिंग करून पाठविला. तो आता आमच्या कपाटात आहे.

तथापि व्हॉल्व्ह-ट्यूब हा होशंगाबादचा खरा शोध होता असे मी मानीत नाही. अरविंद गुप्तांची पुस्तके अनेक भाषांत गेली, २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी काम केले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. तरीसुद्धा किती वर्गांत ती होतात? मीच ती पुस्तके पाहून तीन वर्षे काही केले नव्हते.

खरा शोध होता शिक्षकांची मासिक बैठक.

हे नीट समजावून सांगितले पाहिजे. होशंगाबादमध्ये शिक्षकाला लागोपाठ तीन उन्हाळ्यांत तीन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण असे. एका उन्हाळ्यात सहावीचे, पुढच्यात सातवीचे, मग आठवीचे. तेथे शिक्षक भाषणे ऐकत नसत. ते मुलांसारखे टोळ्या करून बसत आणि तेच प्रयोग स्वतः करीत. प्रयोग फसत, वाद होत, दिल्लीचा प्राध्यापक चुकत असे आणि खेड्यातील गुरुजी त्याला दाखवून देत. “मला माहीत नाही, पाहू या” हे वाक्य शिक्षकाने उच्चारावे, त्यात कमीपणा नाही, हा तेथील पहिला धडा. या शिक्षकांतील पुष्कळजण विज्ञानाचे पदवीधर नव्हते, हे मी वाचले तेव्हा मला किती दिलासा मिळाला असेल याची कल्पना आपण करू शकता.

परंतु प्रशिक्षण सर्वत्रच असते. उन्हाळ्यात शिकलेले जुलैच्या पावसात वाहून जाते. म्हणून महिन्यातून एक दिवस आसपासच्या शाळांचे शिक्षक एका मध्यवर्ती शाळेत जमत. तिला ‘संगम केंद्र’ म्हणत. जवळच्या शाळांचा असा गट असावा ही शिफारस १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केलीच होती. ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली, येथे प्रत्यक्षात आली. बैठकीत भाषण नसे. या महिन्यात कोणते प्रकरण झाले, कोणता प्रयोग कोणाकडे जमला नाही, मुलाने असा कोणता प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटली, पेटीत काय संपले, परीक्षेत कसले प्रश्न विचारावेत, हे बोलणे चाले. अनुभवी शिक्षक इतर शाळांत जाऊन वर्गात बसत. दोष काढणाऱ्या अधिकाऱ्यासारखे नव्हे, हात लावायला. आणि या सर्वांस शासनाची लेखी मान्यता होती. बैठकीला जाणारा शिक्षक कामावरच आहे असे धरले जाई.

माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो, जी पालकांना बहुधा ठाऊक नसते. शिक्षक हा फार एकटा माणूस असतो. दिवसभर पन्नास मुलांत असतो, परंतु त्याच्याच विषयाचे, त्याच्याच अडचणीचे बोलणारे दुसरे मोठे माणूस त्याला महिनोन् महिने भेटत नाही. शिक्षक-खोलीत पगारबिलाची चर्चा होते, सातवीच्या तिसऱ्या प्रकरणाची होत नाही. डॉक्टर डॉक्टरांना भेटतात, वकील बाररूममध्ये बसतात, सुतारसुद्धा दुसऱ्या सुताराच्या हाताखाली रंधा धरायला शिकतो. शिक्षकाने मात्र दार लावून घ्यायचे आणि जे येते ते करायचे. होशंगाबादने ते दार उघडले.

या बैठकांतूनच पुस्तक बदलत गेले. ‘बाल वैज्ञानिक’ची प्रकरणे शिक्षकांच्या तक्रारी ऐकून पुन्हा पुन्हा लिहिण्यात आली. शिक्षकांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाचे एक पत्र निघू लागले. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी तेथे एक सवालीराम होता. पुस्तकात लिहिलेले असे की तुला काही प्रश्न पडला तर सवालीरामला पत्र लिही. सवालीराम नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता! संस्थेतील मंडळी आणि त्यांचे शास्त्रज्ञ मित्र मिळून त्या नावाने उत्तरे पाठवीत. खेड्यातल्या मुलाच्या नावाने टपालाने पत्र येणे ही केवढी गोष्ट असेल! मी वर्गात ही हकीकत सांगितल्यावर मुलांनी बुटांचे एक खोके आणून त्याला फट पाडली. पहिल्याच दिवशी त्यात चिठ्ठी पडली: “मुंगी इतक्या उंचावरून पडते तरी मरत का नाही?” मी बी. ए. मी काय सांगणार? “पाहू या” म्हणालो.

कामाचा विस्तार झाला. १९७८ साली हा उपक्रम संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत गेला, शाळा दोनशेवर. १९८२ साली तो चालविण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९८५ पासून मुलांसाठी ‘चकमक’ हे मासिक काढले, पुढे शिक्षकांसाठी ‘संदर्भ’ काढले. आपल्या पुण्यातून निघालेले मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ हे त्याच कुळातले. वाढत वाढत उपक्रम अनेक जिल्ह्यांत पसरला, शाळांची संख्या हजाराच्या घरात गेली.

आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला.

तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले. सर्व राज्यात एकच पुस्तक असावे, निराळ्या पद्धतीने शिकलेली मुले मागे पडतात, असे मुद्दे पुढे करण्यात आले. देशातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे मला दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. आठवीपर्यंत हाताने करून शिकलेले मूल नववीत जाई तेव्हा तेथे पुन्हा जुनेच पुस्तक आणि जुनीच घोकंपट्टी असे. “नववीत काय होणार?” हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. आपणही मला विचारता, आणि आपला तो हक्क आहे. माझे असे मत आहे की त्या मंडळींनी शिक्षकांना जेवढे जवळ केले तेवढे पालकांना केले नाही. शिक्षक महिन्याला बसत. बाप आणि आई केव्हा बसले? ज्या दिवशी आदेश निघाला त्या दिवशी गावागावांतून पालक उठले असते, तर शासनाला दोनदा विचार करावा लागला असता. हे माझे मत आहे, होशंगाबादच्या कोणा कार्यकर्त्याला ते पटणार नाही कदाचित.

आपल्या राज्याकडे वळू. येथेही यंत्रे आली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. आज चाळिशीत असलेल्या पालकांना तिचे शाळेत लागणारे कार्यक्रम आठवत असतील. २०१७ साली तीही बंद करण्यात आली. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ते प्रथम आपल्या वर्गात वापरून दाखविले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. बक्षिसाची रक्कम दहा लाख डॉलर. त्यातील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी याला औदार्य म्हटले. मला त्यात औदार्यापेक्षा जास्त काही दिसते. एका खेड्यातील शिक्षकाला परदेशातील नऊ शिक्षक आपल्या शिक्षक-खोलीतले वाटले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाचे दिवस आपण विसरला नसाल. एका घरात एक मोबाइल, तो वडिलांबरोबर कामावर. त्या काळात आम्ही शिक्षकांनीही मोबाइलवर गट केले. रोज शेकडो चित्रफिती येत, “खूप छान सर” असे शेरे पडत. मी त्या गटांना नावे ठेवणार नाही, पुष्कळ मिळाले. पण “माझ्याकडे हा प्रयोग फसला” असे त्यावर लिहिण्याची हिंमत कोणी केली नाही, मीही नाही. फसलेली गोष्ट माणूस समोरासमोर, चहाचा कप हातात असतानाच सांगतो.

फलकाविषयीही एक अनुभव सांगितला पाहिजे. मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो (नाव सांगत नाही) तेथे मोठ्या थाटाने असाच पडदा आला होता. नारळ फुटला, छायाचित्र निघाले. विक्रेत्याने पाऊण तास बटणे दाबून दाखविली आणि तो गेला. खोलीची किल्ली मुख्य लिपिकांकडे. पहिल्या महिन्यात चार तास झाले. मग त्याचे पेन हरवले. मग कोणीतरी म्हणाले, मुले हात लावतील, म्हणून त्यावर चादर घातली गेली. मी शाळा सोडली तेव्हा चादर धुऊन पुन्हा घातलेली मी पाहिली आहे! त्या शाळेतील शिक्षक आळशी नव्हते. पडद्यावर काल काय जमले आणि काय फसले हे विचारायला त्यांना कोणी नव्हते, इतकेच.

म्हणून आपल्या संस्थेचा निधी जमत आहे त्यात माझी एक विनंती आहे, ती मी व्यवस्थापन मंडळाकडेही लेखी दिली आहे. फलक अवश्य घ्यावेत. हृदयाचे ठोके, ग्रहांची भ्रमणे ज्या प्रकारे पडद्यावर दिसतात तशी मी खडूने सात जन्मांत काढू शकणार नाही. परंतु त्याच निधीतून थोडी रक्कम शिक्षकांच्या बैठकीसाठी बाजूला ठेवावी: येण्या-जाण्याचे एसटी भाडे, चहा, आणि थोडे साहित्य. आणि महिन्यातील एका शनिवारी दुपारचे तास त्या शिक्षकांना मोकळे मिळावेत. काही पालकांनी मला विचारले, “सर, मास्तर लोक जमून गप्पाच मारणार ना?” होय, गप्पाच. मात्र त्या सातवीच्या तिसऱ्या प्रकरणाच्या असतील, आणि कोणी पालक येऊन बसू इच्छील तर त्याला खुर्ची मिळेल.

खरे तर सुरुवात झाली आहे. गेल्या पावसाळ्यापासून आसपासच्या चार शाळांतील आम्ही सात शिक्षक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपल्या शाळेच्या वाचनालयात बसतो. त्यात उर्दू माध्यमाच्या दोन भगिनी आहेत. प्राथमिक उर्दूत शिकून मराठी शाळेत आलेल्या मुलांना ‘आम्लारी’ शब्दाने धाप लागते, हे मी सांगितले तेव्हा त्यातील एक मॅडम म्हणाल्या, “सर, शब्द आधी देऊच नका. हळदीचा कागद द्या.” हळदीचे पाणी लावून वाळविलेला कागद, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब, कागद लालसर होतो. लिंबाच्या थेंबाने पुन्हा पिवळा. मुले म्हणाली, “अम्मीच्या ओढणीवर कालवण सांडले आणि साबण लावला की असेच होते.” शब्द त्यानंतर आला, आणि या वेळी तो मलाही विसरता आला नाही. मुंगीचा प्रश्नही बैठकीत गेला. शेजारच्या शाळेतील बी. एस्सी. झालेल्या सरांनी कागदाचा एक सपाट तुकडा व एक बोळा उंचावरून सोडून दाखविला: वजन थोडे आणि त्या मानाने अंग मोठे असले की हवा पडण्याचा वेग वाढू देत नाही. मुलांनी तेच तिसऱ्या मजल्यावरून करून पाहिले. खोक्यात आता अकरा चिठ्ठ्या शिल्लक आहेत.

येत्या बैठकीत पूल बांधायचा आहे, काड्यांचा, त्यावर किती वजन राहते ते पाहण्यासाठी. काडेपेट्या आम्ही आणल्या आहेत. व्हॉल्व्ह-ट्यूब मात्र मिळेनाशी झाली आहे, कारण नव्या सायकलींना ती लागत नाही. पालकांपैकी कोणाचे सायकलचे जुने दुकान असेल आणि माळ्यावर एखादी गुंडाळी पडून असेल, तर कृपया मुलाच्या हाती शाळेत पाठवावी. पाच-सहा मीटर पुरेल.